हिऱ्यावर वाकलेलं कुणीतरी

१

गल्लीत तिला सगळे चिमटी म्हणत. लहानपणी वडिलांनी खेळणं देण्याऐवजी हातात चिमटा दिला आणि तो तिनं पुन्हा खाली ठेवला नाही, म्हणून ते नाव. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव तेच राहिलं. सोन्याची कामं करणारे त्या गल्लीत पुष्कळ होते. पण हिरा जुन्या कोंदणातून काढून नव्यात बसवायचा म्हटलं की दुकानदार बोट वर करायचे. वर म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीच्या शेवटच्या मजल्याकडे. तिथे पुढच्या खोलीत तिचा थोरला भाऊ गिऱ्हाइकांशी बोलत बसायचा आणि मागच्या खोलीत, खिडकीशी, ती काम करायची.

तिचा एक नेम होता. हिरा हातात घेण्याआधी ती गिऱ्हाइकाला समोर बसवायची आणि काय काय होऊ शकतं ते स्पष्ट सांगायची. दादाला ते अजिबात आवडत नसे.

"अगं, जिना चढून आलेल्या माणसाला घाबरवून परत पाठवतेस तू," तो म्हणायचा.

"आत्ता घाबरला तर बरं. नंतर घाबरला तर माझी झोप जाईल."

त्या दिवशी सकाळी बापलेक आले. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. बोटांच्या रेघांतून तेलाचा काळेपणा कधीच न गेलेला. लेक नर्स. दूरच्या शहरात तिला नोकरी लागली होती आणि जायची तारीख जवळ आली होती. बापानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक अंगठी.

"हिच्या आईची," तो म्हणाला. "ती गेली. आता ही घालेल म्हटलं, तर हिच्या कामात अंगठी चालत नाही. दिवसभर हातमोजे. म्हणून गळ्यात घालता येईल असं काहीतरी करून द्या."

"मी म्हणत होते, अंगठीच राहू दे," लेक म्हणाली. "पेटीत ठेवीन."

"पेटीत ठेवायला काय तो दस्तऐवज आहे?"

चिमटीनं अंगठी उचलून भिंगाखाली धरली. सोनं झिजून पातळ झालेलं, हिरा धरणाऱ्या चारही नख्या गुळगुळीत. हिरा मात्र सुरेख होता. फक्त कडेला, बारीक नखाच्या टोकाएवढ्या जागेत, केसासारखी चीर होती.

"हा फुटू शकतो," ती म्हणाली.

दादानं पुढच्या खोलीतून मोठ्यानं खाकरलं.

"कडेला चीर आहे. आजपर्यंत काही झालं नाही, कारण तिच्यावर कुणी दाब दिला नाही. मी काढताना दाब येईल, बसवताना येईल. चीर नखीखाली न येऊ देता बसवीन. पण हातातून फुटलेला हिरा कुणाला जोडता येत नाही, मलाही नाही. हे ऐकून घ्या, घरी जा, आणि मग ठरवा."

लेकीचा चेहरा उतरला. बाप मात्र अंगठीकडे बघत राहिला.

"आमच्या धंद्यात दार बंद झालं की आत बसलेला माणूस आपल्या भरवशावर असतो," तो म्हणाला. "मी त्याला हे असं सगळं सांगत बसलो, तर तो जिन्यानं जाईल. तुम्ही सांगितलंत. म्हणजे तुमच्या हातात द्यायला हरकत नाही."

लेकीनं आईच्या अंगठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि ती स्वतःच चिमटीच्या तळहातावर ठेवली.

"सांभाळा," ती म्हणाली.

२

हिरा बाहेर काढायचं काम तिनं दुसऱ्या दिवशी, स्वच्छ उजेडात केलं. खिडकीशी अर्धवर्तुळ कापलेलं लाकडी मेज, मांडीवर पसरलेलं चामडं, मेजावर वळवता येणारा दिवा. खालच्या मजल्यावर पॉलिशचं यंत्र घूं घूं करत होतं. रोजचाच आवाज. तो बंद पडला तरच तिचं लक्ष जायचं.

चारही नख्या तिनं एकेक करून बारीक करवतीनं कापल्या, ओढल्या नाहीत. चौथी सुटली तसा हिरा आपणहून चामड्यावर घरंगळला. तिनं तो साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, पुसला, चिमट्यात धरून त्याच्यावर श्वास सोडला. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही, बसते न बसते तोच उडून जाते. तशी ती उडाली.

मग ती त्याच्यावर वाकली.

हिऱ्यावर वाकलं की आपल्याच डोक्याचा काळा डाग त्यात दिसतो. उजेड वरून येतो आणि आपण मध्ये येतो, एवढंच त्याचं कारण. हजारो हिऱ्यांत तिनं स्वतःचं डोकं असं बघितलं होतं. आरशातल्या तोंडापेक्षा तो काळा ठिपकाच तिच्या जास्त ओळखीचा होता.

या हिऱ्यात तो होता. आणि त्याच्या डाव्या बाजूला, जरासा खाली, आणखी एक होता.

"दादा, नंतर बघ, आत्ता मध्ये येऊ नकोस," ती मान न वळवता म्हणाली.

"काय?" दादाचा आवाज आला. पुढच्या खोलीतून. भिंतीपलीकडून.

तिनं झटकन मान वर केली. डाव्या हाताला भिंत होती, भिंतीवर कानशींची फळी. फळी आणि तिच्या खांद्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. तिथे कुणी नव्हतं.

३

चिमटी देवभोळी नव्हती, भित्री तर नव्हतीच. लख्ख उजेडात चुकीचं काही दिसलं की दोष आधी उजेडाला द्यायचा, मग डोळ्यांना, मग हिऱ्याला, ही तिची पद्धत. त्याच क्रमानं ती कामाला लागली.

दिवा बंद केला. खिडकीच्या उजेडातही दोनच डोकी. खिडकीवर पांढरं कापड लावलं आणि दिवा लावला. दोन. कानशींच्या फळीवरचा डबा चकचकीत होता, तो उचलून खाली ठेवला. दोन. अंबाडा उंच बांधला होता, त्याचा दुसरा आकार पडत असेल म्हणून केस सोडून पाठीवर टाकले. आपला ठिपका बारीक झालेला तिला दिसला. शेजारचा होता तसाच राहिला.

तिनं मान उजवीकडे कलती केली. तिचा ठिपका सरकला. दुसरा सरकला नाही. तो तिच्याबरोबर हलत नव्हता, तिच्यासारखा वागत नव्हता. तो हिऱ्याच्या एका कडेवर वाकून राहिला होता, नाक लावून.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा एक लहान हिरा पाकिटात होता. तो काढून बघितला. एकच डोकं, तिचं. पुन्हा हा बघितला. दोन.

तिनं हिरा पाकिटात घातला, पाकीट डबीत, डबी लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली ब्लाउजच्या आत. मग ती दादाला "येते जरा" म्हणून जिना उतरली आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर तिला वर्षानुवर्षं ओळखत होते. थेंब घालून, अंधार करून, बारीक अक्षरं वाचायला लावून त्यांनी दोन्ही डोळे तपासले.

"तुमच्या वयाला एवढी नजर म्हणजे इतरांवर अन्याय आहे," ते म्हणाले. "काय दिसतंय असं?"

"एकाच्या जागी दोन दिसतात."

"सगळीकडे?"

"एकाच ठिकाणी."

डॉक्टरांनी टॉर्च खिशात ठेवला. "मग तुमच्या डोळ्यांत काही नाही," ते म्हणाले. "त्या ठिकाणी जाऊन बघा."

घरी जाताना ती स्वतःवरच चरफडली. डोळे खराब निघाले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

४

दुसऱ्या दिवशी तिनं दादाला आत बोलावलं. काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यालाही तेच दिसलं असतं, किंवा दिसलं नसतं तरी तो दिसलं म्हणाला असता. बहिणीचा शब्द खाली पडू न देण्याची त्याला खोड होती.

"इथे बस. भिंग लाव. आणि हिऱ्यात तुझं डोकं दिसतंय का सांग."

"सकाळी सकाळी हे काय काढलंस?"

"बस म्हणते ना."

दादा तिच्या स्टुलावर बसला. ते त्याला लहान पडायचं, म्हणून दोन्ही गुडघे बाहेर काढून. भिंग डोळ्याला लावून तो वाकला. चिमटी दाराशी जाऊन उभी राहिली. मुद्दाम लांब, तिची सावली मेजावर पडायला नको म्हणून.

"किती डोकी आहेत?" तिनं विचारलं.

"किती म्हणजे? मला काय दहा तोंडं आहेत? एकच. माझं. टक्कल असूनसुद्धा काळंच दिसतंय, हे बरं आहे."

तिच्या छातीवरचा दगड हलला. म्हणजे तिच्याच मनाचा खेळ. जागरण, वय, काहीतरी. या कामाचा ताण कमी का असतो? दुसऱ्याच्या आईचा हिरा चिमट्यात धरून बसायचं, आणि हात चुकला तर कुणाला तोंड दाखवायचं?

"नीट बघ. डाव्या बाजूला काही?"

"काही नाही गं. ती चीर दिसतेय, केसासारखी. बाकी..." दादा आणखी वाकला. आणि मग तसाच वाकलेला, डोळ्यावरचं भिंग न काढता, हसत खांदा उडवून म्हणाला, "ए, मानेवर श्वास नको ना सोडूस. गुदगुल्या होतात."

चिमटी दाराला टेकून उभी होती. तिच्या आणि दादाच्या मध्ये अख्खी खोली होती.

पॉलिशच्या यंत्राचा आवाज येत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकलत होतं, आणि दादा मानेवरून हात फिरवत होता.

"ऐकलंस का?" तो वळला. ती दाराशी आहे हे त्यानं बघितलं. त्याचा हात मानेवरच थांबला.

"वारा असेल," तो म्हणाला.

खिडकी बंद होती. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"असेल," ती म्हणाली.

दादा उठला, भिंग जागेवर ठेवलं आणि पुढच्या खोलीत गेला. त्या दिवशी त्यानं तिला पुन्हा एकदाही हाक मारली नाही. आणि रोज बंद असणारं मधलं दार त्यानं उघडंच ठेवलं.

५

हिरा परत द्यायचा, असं तिनं ठरवलं. झेपत नाही म्हणायचं, माफी मागायची, जुन्या अंगठीला नव्या नख्या लावून तो होता तिथे बसवून द्यायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. पण दुसरं कुणीतरी म्हणजे कोण? चिरेचं भान ठेवून काम करेल असा माणूस तिला आठवेना. समोरच्या गल्लीतला एकजण होता, त्याच्या हाताखाली गेल्याच वर्षी एक पाचू चुरा झाला होता.

तिनं फोन लावला. लेकीनं उचलला.

"चीर वाढली का?" पहिलाच प्रश्न.

"नाही, नाही. हिरा ठीक आहे. बाहेर काढलाय. सुखरूप."

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. "मी रोज विचारायचं म्हणत होते, पण बाबा म्हणाले, कामाच्या माणसाला फोन करून सतावू नये. खरं सांगू का, आता मलाच ते गळ्यात असावं असं वाटायला लागलंय. तिकडे कुणी ओळखीचं नाही. रात्रपाळी असणार. आईचं काहीतरी अंगावर असेल तर... तुम्ही कशासाठी फोन केला होता?"

चिमटीनं तोंड उघडलं. तुमच्या हिऱ्यावर कुणीतरी वाकलेलं असतं, हे वाक्य तिच्या जिभेवर होतं. एका नर्सला, आई गेलेल्या पोरीला, हे सांगायचं? आणि सांगून काय करायचं? हिऱ्याला काय होऊ शकतं ते सांगणं तिचं काम होतं. स्वतःला काय वाटतंय ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणं तिचं काम नव्हतं.

"साखळी केवढी हवी ते विचारायचं राहिलं होतं," ती म्हणाली.

६

नवं कोंदण तयार झालं. साधं, चार नख्यांचं. पण नख्या जरा रुंद, म्हणजे हिरा हलणार नाही. चीर बरोबर दोन नख्यांच्या मध्ये राहील, तिथे कुणाचाही दाब येणार नाही, असं तिनं सगळं आखलं होतं. पेंडंट लाखेच्या मुठीवर, म्हणजे लाख लावलेल्या लाकडी दांड्यावर, घट्ट बसवून ती मेजाशी बसली तेव्हा दुपारचं ऊन खिडकीत होतं. मधलं दार उघडं होतं. दादा पुढे कुणाशी तरी बोलत होता, मुद्दाम मोठ्यानं.

तिनं हिरा कोंदणाच्या बैठकीत ठेवला. वाकली. दोन डोकी.

"असू दे," ती मनाशी म्हणाली. "आपण आपलं काम करायचं."

पहिली नखी दाबली. मग समोरची. हात तिचे तिलाच परके वाटत होते, पण काम बरोबर होत होतं; इतक्या वर्षांत लागलेलं वळण डोक्याला विचारत नाही. तिसऱ्या नखीशी आली तेव्हा हिऱ्यावर वाफ धरली.

ती थांबली. आपलाच श्वास, दुसरं काय. वाफ उडाली. तिनं तोंड मिटलं, श्वास रोखला, आणि तशीच बघत राहिली.

पुन्हा वाफ धरली. उडाली. थोड्या वेळानं पुन्हा धरली, पुन्हा उडाली. सावकाश, एका लयीत. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

तिनं मूठ तोंडापासून दूर नेली, हात ताणून, खिडकीपर्यंत. वाफ येत राहिली.

मूठ मेजावर ठेवून उठावं, दादाचा हात धरून जिना उतरावा आणि गल्लीत, माणसांत, उन्हात जाऊन उभं राहावं, असं तिला वाटलं. पण दोन नख्या दाबलेल्या, दोन मोकळ्या, असा हिरा सोडून उठता येत नाही. तो अर्धवट धरलेला असतो तेव्हाच सगळ्यात जास्त धोक्यात असतो. तिनं मूठ जवळ आणली आणि तिसरी नखी दाबली. ती बसली.

राहिली शेवटची.

दाबायची सळी तिनं नखीवर टेकवली आणि जोर लावणार, तेवढ्यात डावीकडचं ते डोकं पुढे आलं. आजवर ते जागचं हललं नव्हतं. आता ते खाली खाली येत गेलं आणि हिऱ्याचा तो अख्खा कोपरा काळा झाला. नखी दिसेना, कड दिसेना, चीर दिसेना. तिच्या डाव्या गालाला कुणाच्या तरी अंगाची ऊब लागत होती.

घाबरलेलं माणूस ओरडतं, नाहीतर त्याची वाचा बसते. चिमटीचं दोन्हीही झालं नाही. कामाला खोळंबा झाल्यावर तिच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. किती गिऱ्हाइकं अशी मेजापर्यंत येऊन वाकतात, आपला हिरा बदलला तर जात नाही ना, फुटला तर नाही ना म्हणून डोळ्यांत तेल घालून बघतात. त्यांना ती जे म्हणते तेच, त्याच वैतागलेल्या पण आदबशीर सुरात, ती म्हणाली.

"सावली पडतेय हो. जरा मागे सरका ना."

क्षणभर काहीच झालं नाही.

मग गालाजवळची ऊब मागे हटली. कुणी पडदा बाजूला करावा तसा उजेड हिऱ्यात शिरला. आणि त्या उजेडात, हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूत, तिला डोकं नाही, तोंड दिसलं. सगळं नव्हे. नाकाचा शेंडा, मिटलेले ओठ, आणि एक डोळा. बाहुली असायला हवी तिथे दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. तो डोळा तिच्याकडे बघत नव्हता. तो धडपडत हिऱ्याकडे बघत होता.

तिनं पापणी मिटली. उघडली तेव्हा हिरा होता, ऊन होतं आणि तिचा एकटीचा काळा ठिपका.

आणि तिला आणखी एक गोष्ट दिसली. आधीच्या नख्या दाबताना हिरा बैठकीत किंचित फिरला होता. चीर दोन नख्यांच्या मध्ये राहिली नव्हती. ती सरकून बरोबर शेवटच्या नखीखाली आली होती. जिच्यावर तिनं सळी टेकवली होती, तिच्याच खाली. मघाशी तिनं जोर लावला असता, तर आत्ता चामड्यावर तुकडे गोळा करत बसली असती.

तिनं सळी बाजूला ठेवली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

"काय गं?" दादा दारात आला होता. "कुणाला मागे सरक म्हणालीस?"

"कुणाला नाही," ती म्हणाली. आणि मग, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, जरा हसून, "होतं कुणीतरी. सरकलं."

दादा स्टूल घेऊन आला आणि तिच्या मागे, लांब, भिंतीला टेकून बसला. तिनं दाबलेल्या नख्या पुन्हा उचलल्या, हिरा केसभर फिरवून जागेवर आणला, आणि पहिल्यापासून, एकेक करून, चारही बसवल्या. कुठे काही कुरकुरलं नाही. शेवटची बसली तेव्हा दादानंच मोठ्यानं "झालं बाई एकदाचं" म्हटलं.

७

बापलेक न्यायला आले ते सकाळीच. लेकीचं सामान बांधून झालं होतं, बापाचा आवाज उगाचच चढलेला होता. चिमटीनं आधी पेंडंट भिंगाखाली दोघांना दाखवलं. हा हिरा, ही चीर, पूर्वी होती तेवढीच. ही इथे, दोन नख्यांच्या मध्ये. पडू देऊ नका, कठड्यावर आपटू देऊ नका, वर्षातून एकदा नख्या दाखवून घ्या. जबाबदारी आता तुमची.

बापानं भिंगातून बघितलं, समाधानानं मान हलवली आणि भिंग लेकीकडे दिलं. लेकीनं ते बाजूला ठेवलं. पेंडंट तळहातावर घेऊन ती नुसती हसली.

"आई असती ना, तर पहिल्यांदा नाकाला लावलं असतं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तिला दिसायचं नाही ना. डोळ्यांवर पांढरं आलं होतं. सगळं असं तोंडाशी धरून बघायची. माझी मार्कशीटसुद्धा. कागद दमट व्हायचा."

"तिला वाटायचं, जवळ नेलं की दिसेल," बाप म्हणाला. "ऑपरेशन करू म्हटलं तर नको म्हणायची. आणि सगळ्यात लुडबूड. मी स्क्रू पिळायला बसलो तरी डोकं मध्ये. मी ओरडायचो, अगं, उजेड अडवतेस!" तो थांबला. रुमाल उगाचच उलटसुलट केला. "मग सरकायची बिचारी."

दादानं चिमटीकडे बघितलं. चिमटी मेजाच्या कडेकडे बघत होती. भीतीच्या जागी काय आलं, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण भीती राहिली नव्हती, एवढं खरं.

"ही रिकामी अंगठी," ती म्हणाली. "सोनं वितळवून देऊ?"

"छे, छे," बापानं ती उचलली, करंगळीत घालून बघितली, अर्ध्यावर अडकली. "राहू दे. मला असंच हवंय काहीतरी."

लेकीनं साखळी गळ्यात घातली, हूक मागे लावला. हिरा गळ्याखालच्या खळग्यात टेकला.

"अय्या," ती म्हणाली. "मला वाटलं गार लागेल. चांगला गरम आहे की!"

हिरा अंगाला पहिल्यांदा लागतो तेव्हा गारच लागतो. अंगाची ऊब तो इतक्या लवकर ओढून घेतो की माणूस दचकतो. चिमटीला हे माहीत होतं, दादालाही माहीत होतं. आणि हा तर आत्ता लोखंडी कपाटातून काढलेला.

"दिव्याखाली होता ना," चिमटी म्हणाली.

दिवा त्या दिवशी अजून लावलेलाच नव्हता.

लेकीनं हिऱ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग निरोप झाले, बापानं पुन्हा एकदा दारात थांबून आभार मानले, आणि दोघं जिना उतरू लागली. पेंडंट कॉलरच्या आत ठेवायचं की बाहेर, यावरून त्यांची हुज्जत चालली होती. बाप म्हणत होता बाहेर, लेक म्हणत होती आत. आवाज एकेक मजला खाली जात राहिले, मग रस्त्याच्या गलबल्यात मिसळले.

चिमटी खिडकीशी गेली आणि तिनं ती सताड उघडली. पॉलिशचं यंत्र, गाड्यांचे भोंगे, कुणाचं तरी हसणं, सगळं एकदम आत आलं.

"दादा," ती म्हणाली, "डबा काढ. मला कडकडून भूक लागलीय."

"आत्ता? अजून अकरासुद्धा वाजले नाहीत."

"काढ रे. तुझ्या वाटणीचाही खाणार आहे मी."